उष्टी नळी

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी निदान चार-पाच घरांत फिशटँक धुतले जातात. धुतले जातात असंच म्हणायला हवं, कारण जे चालतं ते भांडी घासण्यापेक्षा फारसं वेगळं नसतं. मासे बादलीत, खडे तांदूळ धुवायच्या रोळीत, काचेला घासणी, आणि घरातले कर्ते पुरुष बनियनवर, नळीचं एक टोक तोंडात धरून पाणी ओढतायत. गाल आत गेलेले, डोळे मोठ्ठे. पाणी तोंडाशी आलं की नळी झटकन बादलीत. कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं की मोरीत थू-थू, एक चूळ, "काही होत नाही रे" आणि पुन्हा नळी तोंडात.

आता गंमत बघा. याच घरात दुसऱ्याने तोंड लावलेल्या बाटलीतलं पाणी कुणी पीत नाही. पाहुण्याने बाटलीला तोंड लावलं तर ती बाटली हळूच बाजूला जाते. आमटीची चव घेतलेला चमचा पुन्हा पातेल्यात गेला तर आजी आजही आवाज चढवते. आणि ज्या पाण्यात डझनभर मासे पंधरा दिवस जेवले, तिथेच शी-शू करून राहिले, त्यातला एखादा मेलाही, ते पाणी नळीतून थेट जिभेपर्यंत आलेलं चालतं! उष्ट्या-खरकट्याच्या हिशेबात मासे धरलेलेच नाहीत बहुतेक.

मला वाटतं फिशटँकच्या बाबतीत आपल्याकडे स्वच्छतेची गाडी उलटी चालते. टाकी नको इतकी चकचकीत करायची, आणि स्वतःचे हात, तोंड, ओटा यांचा मात्र विचारच नाही. खरं म्हणजे टाकी थोडी कमी धुतली आणि हात थोडे जास्त धुतले तर मासेही जगतील आणि माणसंही.

"काही होत नाही" हे वाक्य धादांत खोटं असतं तर सोपं झालं असतं. पंचाईत ही की बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. होतं तेव्हा दोन-चार दिवसांनी होतं. पोट बिघडतं, ताप येतो, आणि आपण परवाच्या पाणीपुरीला दोष देऊन मोकळे होतो. नळीकडे बोट दाखवायला कुणी येत नाही. म्हणूनच ही सवय इतकी वर्षं टिकली आहे.

प्रयोगशाळांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. पूर्वी तिथे पिपेट तोंडानेच ओढत. आमच्या कॉलेजातही तसंच शिकवलं जायचं, वरच्या टोकाला कापसाचा बोळा खुपसायचा आणि ओढायचं, आत काहीही असो. १८९३ साली एका डॉक्टरच्या तोंडात अशाच प्रकारे टायफॉइडच्या जंतूंचं द्रावण गेलं. पिपेट तोंडाने ओढताना झालेल्या संसर्गाची ही पहिली नोंद मानतात. तरीही ही रीत बंद व्हायला पुढे कित्येक दशकं जावी लागली. म्हणजे जंतू काय चीज आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्या लोकांनाही ही सवय सुटली नाही. मग रविवारी बनियनवर उभ्या असलेल्या काकांना मी काय बोलणार!

आपल्याकडे तर याला जुनी परंपराच आहे. स्कूटरमधलं पेट्रोल काढायचं, ओढा तोंडाने. रॉकेल डब्यातून बाटलीत घ्यायचं, तेही तसंच. रॉकेल ओतायला पत्र्याचा हातपंप मिळायचा, पण तो नेमका शेजाऱ्यांकडे गेलेला असायचा. रॉकेल पोटात गेलं तर डॉक्टर मुद्दाम उलटी करवत नाहीत, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरतं आणि खरा घात तिथे होतो. हे कित्येक घरांना अनुभवाने कळलेलं आहे. पेट्रोल-रॉकेलची निदान चव तरी भयानक असते, माणूस पुढच्या वेळी घाबरतो. टाकीच्या पाण्याला धड चवही नसते, नुसता किंचित मातकट वास.

त्या पाण्यात असतं काय? तुमच्या टाकीतल्या थेंबात नेमकं काय आहे हे तपासल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही, पण साल्मोनेला आणि एरोमोनस ही नावं फिशटँकच्या बाबतीत वारंवार येतात. ऑस्ट्रेलियात २००३-०४ मध्ये एका प्रकारच्या साल्मोनेलाचे रुग्ण सापडू लागले, त्यात लहान मुलं बरीच होती, आणि तो बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हता. माग काढत गेल्यावर तो घरातल्या शोभेच्या माशांच्या टाक्यांपर्यंत पोचला. २००६ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं. ती मुलं काही नळी तोंडात धरत नव्हती बरं का. टाकीत हात घालणं, टाकीशी खेळणं आणि तेच हात तोंडात, एवढं पुरतं.

शिवाय औषधं. माशांना बुरशी आली की दुकानदार निळं औषध देतो, पांढरे ठिपके आले की बऱ्याचदा हिरवं. निळं ते मिथिलीन ब्लू, त्याने फार तर जीभ निळी होईल आणि पोरं हसतील. हिरव्यात मॅलकाइट ग्रीन असतं, आणि ते विषारी म्हणून खाण्याच्या माशांत वापरायला बऱ्याच देशांत बंदी आहे. औषध घातलेली टाकी रिकामी करतानाच लोक सगळ्यात जास्त नळ्या ओढतात, हे एक विशेष.

तोंडाला पर्याय नसता तर मी एवढं लांबण लावलंच नसतं. पण सायफनला तोंड लागतच नाही. नळी पूर्ण पाण्याने भरलेली असली आणि तिचं बाहेरचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं की झालं. बाहेरच्या लांब बाजूतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली पडू लागतं आणि टाकीतलं पाणी हवेच्या दाबाने त्याच्यामागे वर चढून येतं. आपलं तोंड फक्त नळीतली हवा काढायचं काम करतं. ती हवा दुसऱ्या दहा प्रकारांनी काढता येते.

सगळ्यात सोपं म्हणजे अख्खी नळी टाकीत बुडवायची. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हलवायची, मग एका टोकाला अंगठा दाबून ते टोक बाहेर काढायचं, बादलीत खाली न्यायचं आणि अंगठा सोडायचा. दुसरं टोक पाण्याखालीच राहिलं पाहिजे, एवढंच लक्षात ठेवायचं. टाकी लहान असेल आणि नळी मावत नसेल तर बेसिनच्या नळाखाली नळी भरून घ्यायची आणि दोन्ही टोकांना अंगठे लावून आणायची (इथे घरातला दुसरा माणूस कामाला लावता येतो, मुलांना हे फार आवडतं). खडे साफ करायची जी रुंद तोंडाची नळी मिळते ती तिरकी बुडवून भराभर चार-पाच वेळा वर-खाली केली की आपोआप चालू होते. एक जरा वेळ हात बसावा लागतो. आणि हे सगळं नको असेल तर रबरी फुगा असलेला पंप मिळतो. फुगा दोन-तीनदा दाबा, पाणी सुरू. मी घेतला तो दोनशे रुपयांचा आहे आणि आता त्याला सहा वर्षं झाली.

सायफन सुरू झाला की तो तुमची वाट बघत नाही, हेही सांगून ठेवतो. फोन आला म्हणून आत जाल तर बादली भरून वाहील. टाकीतल्या टोकाला जाळीचा तुकडा बांधा, नाहीतर गप्पीची पिल्लं बादलीत. आणि न मागता लागणारा एक सायफन असतो तो वेगळाच. हवेची मोटर बहुतेक घरांत टाकीच्या खाली, स्टँडच्या कप्प्यात ठेवलेली असते. वीज गेली, मोटर थांबली, की टाकीतलं पाणी त्या बारीक नळीतून उलटं उतरू शकतं, थेट मोटरमध्ये. लोडशेडिंगच्या दिवसांत कित्येकांनी जमिनीवरचं तळं पुसलं आणि टाकी गळते म्हणून काचवाल्याला बोलावलं. मोटर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवली किंवा त्या नळीला वीस-तीस रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला की प्रश्न मिटतो.

आता टाकी घासण्याबद्दल. इथे माझं मत बऱ्याच नातेवाइकांना पटत नाही, हे मला माहीत आहे. पण आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं पुरतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत साधारण ७० लिटर पाणी मावतं. त्याचा पाव हिस्सा म्हणजे एक मोठी बादली. एक बादली काढा, रात्रभर उघडं ठेवलेलं एक बादली पाणी घाला. पाऊण तासाचंही काम नाही. खडे टाकीतच राहू द्यायचे, त्यांच्यातला गाळ नळीने ओढून घ्यायचा.

कारण असं की माशांच्या शी-शूतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष आहे. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात. ते खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर बसलेले असतात. तो जो बुळबुळीत थर आपण "शी, घाण" म्हणून घासून काढतो ना, तीच टाकीची मोरी, तेच तिचं सांडपाण्याचं गटार. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण दर महिन्याला खडे गरम पाण्याने धुतो, स्पंज नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याखाली पिळतो, आणि टाकी पुन्हा शून्यावर आणतो. पाणी काचेसारखं नितळ दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात, पाचव्या दिवशी दोन मेलेले. मग घरात म्हणतात, "इतकी स्वच्छ ठेवली तरी मरतात, आपल्याला मासे लाभत नाहीत." एका घरी तर वास्तूवाल्याला विचारून टाकी ईशान्येला हलवली. मासे तिथेही मेले.

स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या त्या बादलीभर पाण्यात पिळा. साबण, भांड्यांची पावडर यांना टाकीच्या आसपासही येऊ देऊ नका. आणि ते पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला. औषध किंवा मीठ घातलेलं नसेल तर झाडांना ते खतासारखंच आहे. आमचा अडुळसा त्यावरच पोसलाय.

हे झालं माशांचं. माणसांचं सांगायचं तर आमच्याकडे महिन्यातून एकदा घरोघरी टाक्या साफ करणारा मुलगा येतो, त्याच्याबद्दल सांगावं लागेल. मुलगा म्हणायचं, पंचविशीचा असेल. एका हातात बादली, खांद्यावर नळी, मागच्या खिशात जाळी. दिवसाला सात-आठ घरं करतो. नळी तीच, जाळी तीच. एका घरात माशांना पांढरे ठिपके आले की ओल्या जाळीबरोबर तो रोग पुढच्या घरी जातो आणि तिथले लोक दुकानदाराला शिव्या घालतात. आणि ती नळी प्रत्येक घरी तोंडानेच सुरू होते. मी एकदा टोकलं तर म्हणाला, "काका, पाणी तोंडात येतच नाय. यायच्या आत अंगठा लावतो मी." हात खरंच सराईत होता. मी थोडा वेळ बघत बसलो, आठ-दहा वेळा खरंच आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर एक जांभळट गाठ आली. फार दुखत नव्हती. चामखीळ असेल म्हणून त्याने चुना लावून बघितला. महिन्याभरात मनगटाच्या वर दुसरी गाठ, मग कोपराच्या खाली तिसरी, एका ओळीत. दोन डॉक्टर झाले, तीन मलमं झाली. शेवटी एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचेच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "काम काय करतोस?" त्याने सांगितलं. त्यांनी लगेच गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. गोळ्या साडेपाच महिने चालल्या.

या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. टीबी आणि कुष्ठरोग यांच्या जंतूंचा हा चुलतभाऊ. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि घरातल्या उष्ण पाण्याच्या टाकीतून माणसाला तो होतो हे १९६२ मध्ये नोंदवलं गेलं. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, शरीराच्या आतली ३७ अंशांची ऊब मानवत नाही. म्हणून तो हातापायांच्या गार कातडीतच मुक्काम करतो. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. शिरतो तो कापलेल्या, खरचटलेल्या जागेतून, आणि गाठ दिसायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर बोट कधी कापलं होतं हे आठवतही नाही. काचेची कड, खड्याचं टोक, माशाच्या कल्ल्याजवळचा काटा... आठवायचं तरी कुठलं?

म्हणजे त्याला नळी नडली नाही, हात नडले. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नाहीतर तुम्ही फुग्याचा पंप आणाल आणि कापलेलं बोट घेऊन कोपरापर्यंत हात टाकीत घालाल. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकी राहू दे, मासे एका आठवड्याने रागावत नाहीत. नाहीतर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. टाकीत हात घालण्याआधी नुसत्या पाण्याने धुवायचे (साबणाचा अंश माशांना बाधतो), आणि बाहेर काढल्यावर साबणाने, नखांसकट. घरात कुणाला मधुमेह असेल, कुणाचं केमो चालू असेल, तर त्यांनी हे काम करूच नये. हीटर आणि मोटर बंद करून, पिना काढून मगच हात पाण्यात. बादली टाकीची म्हणून वेगळी, तिच्यावर रंगाचा पट्टा मारा म्हणजे मोलकरीण त्यात फरशीचं फडकं बुडवणार नाही. आणि स्वयंपाकघरातलं सिंक, ओटा, रोळी यांचा टाकीशी काही संबंध नाही. ज्या रोळीत सकाळी खडे धुतले त्याच रोळीत दुपारी तांदूळ धुतलेले मी एका घरी बघितले आहेत. मी त्या दिवशी पोळीच खाल्ली.

आणि कातडीवर कुठलीही गाठ किंवा न भरणारी जखम घेऊन डॉक्टरकडे जाल तेव्हा न विचारता सांगा, की घरी फिशटँक आहे. बिचारे डॉक्टर काय काय विचारणार!

त्या मुलाचा हात आता बरा आहे, तीन फिकट डाग राहिलेत. तो कामावर परत आला तेव्हा मी माझा फुग्याचा पंप त्याच्यासमोर ठेवला. आधी हसला. मग म्हणाला की याने खडे ओढायला जरा वेळ लागतो, पण बरा आहे. आता आमच्याकडे तो तोच वापरतो, आणि आमची जाळी, आमची नळी आमच्याच गॅलरीत खिळ्याला टांगलेली असते. हातमोजेही दिलेत, ते तो निम्म्या वेळा घालतो. आमचं बघून आणखी दोन घरांनी पंप घेतले. बाकीच्यांना मी सुचवून पाहिलं. एक वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याला सवय आहे, त्याला काही होत नाही." दोनशे रुपये त्यांना जड नाहीत, त्यांच्या टाकीतला एक एंजल त्याहून महाग आहे. तो त्यांच्याकडे अजून तोंडानेच नळी ओढतो. काम झाल्यावर त्या त्याला प्यायला पाणी देतात, दाराशी, त्याच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या ग्लासात.